शितावरून डायनासोर

१९६५ साली मंगोलियाच्या गोबी वाळवंटात दोन हात सापडले. नुसते हात. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत जवळजवळ शाबूत, प्रत्येक हाताला तीन बोटं आणि बोटांना आकड्यासारखी वळलेली नखं. आजूबाजूला काही बरगड्या आणि मणक्यांचे तुकडे पडले होते. डोकं नाही, पाय नाहीत, शेपूट नाही.

एकेका हाताची लांबी होती २.४ मीटर. खोलीचं दार साधारण २ मीटर उंच असतं. म्हणजे हा हात दारात उभा धरला असता तर चौकटीच्या वर जवळजवळ दोन वीत उरला असता. आता ज्याचा नुसता हात एवढा, तो प्राणी केवढा असेल?

हे हात शोधले झोफिया किएलान-यावोरोव्स्का या पोलिश शास्त्रज्ञ बाईंनी. १९७० मध्ये त्या प्राण्याचं बारसं झालं आणि नाव ठेवलं डायनोकायरस, म्हणजे ग्रीक भाषेत ‘भयंकर हात’. नावात हातच आला, कारण हातांपलीकडे फारसं काही ठाऊकच नव्हतं.

आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. भाताच्या बाबतीत हे चालतं, कारण पातेल्यातली सगळी शितं सारखीच शिजलेली असतात. डायनासोर मात्र असे सरळ नसतात. हात एका प्राण्याची आठवण करून देतात, तोंड दुसऱ्याची आणि पोट तिसऱ्याच कुणाचं तरी. डायनोकायरसचे हात पाहून एक जण म्हणाला, हा राक्षसी शिकारी असणार, या हातांनी भक्ष्य फाडत असणार. दुसरा म्हणाला, छे, हा तर स्लॉथसारखा झाडाला लोंबकळणारा संथ प्राणी. जवळजवळ ५० वर्षं हे कोडं तसंच पडून राहिलं.

मग २००६ आणि २००९ मध्ये गोबीतच त्याचे आणखी दोन सांगाडे मिळाले. यातल्या मोठ्या सांगाड्याला डोकंच नव्हतं. शास्त्रज्ञांच्या आधी तिथे चोर पोचले होते! जीवाश्मांची चोरटी विक्री होते, आणि कवटी, हात, पाय यांना सगळ्यात जास्त भाव येतो. चोरांनी नेमके तेच भाग उचलले आणि बाकीचा सांगाडा टाकून दिला. पुढे काही वर्षांनी युरोपातल्या एका खासगी संग्रहात एक विचित्र कवटी, एक पंजा आणि पाय असल्याचं एका शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. ती त्याच सांगाड्याची होती हे कळलं कसं? चोरांच्या हातून पायाच्या बोटाचं एक हाड वाळवंटातच राहून गेलं होतं. चोरीच्या पायात, दगडामध्ये एक रिकामी खोबण होती. मागे राहिलेलं हाड त्या खोबणीत चपखल बसलं. मला तर या सगळ्या कहाणीत हाच क्षण सगळ्यात आवडतो. २०१४ मध्ये ती हाडं मंगोलियाला परत मिळाली आणि त्याच वर्षी पुरा प्राणी जगासमोर आला.

तो पाहून सगळे चक्रावले. लांबी ११ मीटर, वजन ६ टनांच्या वर. लांबट तोंड आणि पुढे बदकासारखी पसरट चोच. तोंडात दात एकही नाही. पाठीच्या मणक्यांवर उंच काटे, त्यामुळे पाठीवर मोठा उंचवटा. पायांची नखं बोथट आणि रुंद, म्हणजे चिखलात पाय रुतू नयेत अशी. शेपटीच्या टोकाचे मणके एकमेकांना जुळलेले, जसे आजच्या पक्ष्यांचे असतात. त्यामुळे शेपटीच्या टोकाला पिसांचा झुपका असावा असं मानतात.

आणि पोटात? पोटात १,४०० हून जास्त छोटे गोटे. दात नसतील तर पाला चावायचा कसा? आज कित्येक पक्षी करतात तेच डायनोकायरस करायचा: खडे गिळायचे. पोटाचे स्नायू हलले की खड्यांमध्ये पाला भरडला जातो. एका अर्थी जातं पोटातच बसवलेलं. पण त्या गोट्यांमध्ये माशांचे मणके आणि खवलेही मिळाले. म्हणजे स्वारी नदीकाठी फिरायची, पाणवनस्पती ओरबाडून खायची आणि मासा मिळाला तर तोही सोडायची नाही. ‘भयंकर हात’ बहुधा चिखलातल्या वनस्पती उपटायच्या कामाला यायचे.

हे सगळं घडलं साधारण ७ कोटी वर्षांपूर्वी. ७ कोटी म्हणजे किती हे डोक्यात शिरत नाही, म्हणून एक खेळ करू. दर सेकंदाला एक वर्ष असं मागे मोजत जा. तुमच्या आजीच्या जन्मापर्यंत पोचायला एक-सव्वा मिनिट पुरेल. डायनोकायरसपर्यंत पोचायला मात्र न झोपता, न थांबता दोन वर्षांहून जास्त मोजत बसावं लागेल.

गोबीतच, त्याच काळात, डायनोकायरसचा एक शेजारी राहायचा. त्याच्या बाबतीतही अशीच फसगत झाली. १९४८ मध्ये त्याची नखं सापडली, एकेक अर्ध्या मीटरच्या आसपास, विळ्यासारखी बाकदार. १९५४ मध्ये रशियन शास्त्रज्ञ येवगेनी मालेयेव्ह यांनी त्याचं नाव ठेवलं थेरिझिनोसॉरस, म्हणजे विळेवाला सरडा. पण त्यांना वाटलं की हे एक अवाढव्य कासवासारखं जनावर असणार आणि या नखांनी ते समुद्रातल्या वनस्पती कापून खात असणार! प्रत्यक्षात हा होता दोन पायांवर चालणारा, लांब मानेचा, ढेरपोट्या शाकाहारी डायनासोर. त्याच्या एका नातेवाइकाच्या जीवाश्मावर पिसांच्या खुणा आहेत, त्यामुळे यालाही पिसं असतील अशी दाट शक्यता आहे. नखांचं काम काय, हा प्रश्न मात्र अजून रंगलेला आहे. फांद्या खाली ओढायला ती वापरत असेल असं बरेच जण म्हणतात. २०२३ मध्ये कॉम्प्युटरवर नखांची ताकद तपासली गेली, तेव्हा ती इतकी लांब आणि बारीक निघाली की जोराच्या कामाला उपयोगाचीच नव्हती. मग कदाचित ती नुसती मिरवायला असतील. मोराच्या पिसाऱ्यासारखी.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. डायनोकायरस आणि थेरिझिनोसॉरस हे दोघेही थेरोपॉड गटातले. टी-रेक्स याच गटातला. आजचे सगळे पक्षीही याच गटाचे वंशज. म्हणजे कावळा आणि टी-रेक्स हे लांबचे भाऊबंद. थेरोपॉड म्हणजे मांसाहारी अशी समजूत असते, पण या घराण्यात चक्क शाकाहारी मंडळीही भरपूर निघाली.

आता एका बदनाम डायनासोरची गोष्ट. त्याचं नाव ओव्हिरॅप्टर. १९२३ मध्ये, पुन्हा गोबीतच, एका अमेरिकन मोहिमेला अंड्यांचं घरटं मिळालं. त्या भागात प्रोटोसेराटॉप्स या चोचवाल्या, मानेभोवती झालर असलेल्या डायनासोरचे सांगाडे भरपूर होते, त्यामुळे अंडी त्याचीच असं सगळ्यांनी धरून टाकलं. घरट्याच्या वर, जेमतेम १० सेंटिमीटर वाळू मध्ये ठेवून, एका वेगळ्याच डायनासोरची कवटी पडलेली होती. दात नसलेली, पोपटासारख्या चोचीची. झालं! चोर रंगेहाथ सापडला असंच सगळ्यांना वाटलं. १९२४ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ हेन्री फेअरफिल्ड ऑस्बोर्न यांनी नाव ठेवलं ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर. त्यांच्या न्यायासाठी हेही सांगायला हवं की नाव दिशाभूल करणारं ठरू शकतं असा इशारा ऑस्बोर्न यांनी स्वतःच देऊन ठेवला होता. पण इशारा कोण वाचतो? नाव मात्र चिकटलं.

सत्तर वर्षांनी, १९९३ मध्ये, गोबीत तशाच आकाराचं एक अंडं मिळालं आणि त्यात पिल्लाची बारीक बारीक हाडं होती. पिल्लू प्रोटोसेराटॉप्सचं नव्हतं. ते ओव्हिरॅप्टरच्याच कुटुंबातलं होतं! पाठोपाठ याच कुटुंबातल्या डायनासोरचे असे सांगाडे मिळाले, जे घरट्यावर बसलेल्या अवस्थेतच मेले होते. पाय मुडपलेले, दोन्ही हात अंड्यांच्या कडेने पसरलेले, अगदी अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखे. वाळूचा ढिगारा अंगावर कोसळला तरी घरटं सोडलं नव्हतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी असं आपण म्हणतो. इथे तर चोरीच झाली नव्हती. आपल्याच अंड्यांजवळ असलेल्या जनावराला चोर ठरवलं होतं. मग नाव बदलून का टाकत नाहीत? कारण शास्त्राचा नियम असा की प्राण्याला पहिलं दिलेलं नाव पक्कं. अर्थ चुकीचा निघाला तरी तेच राहतं, नाहीतर दर दहा वर्षांनी नावं बदलत बसावी लागतील आणि कोण कुठला हेच कळेनासं होईल. नियम शहाणपणाचा आहे, पण ओव्हिरॅप्टरवर अन्याय झाला तो झालाच.

चीनच्या शिनजियांग भागातला लिम्युसॉरस हा आणखी एक फसवा नमुना. १६ कोटी वर्षांपूर्वीचा, जेमतेम पावणेदोन मीटर लांब. लिम्युसॉरस म्हणजे चिखलातला सरडा. नाव असं, कारण त्याचे सांगाडे मिळाले ते एक-दोन मीटर खोल चिखलाच्या खड्ड्यांमध्ये, एकावर एक थर लागल्यासारखे. हे खड्डे कुणी केले असतील? शास्त्रज्ञांचा अंदाज असा की लांब मानेचे अजस्र डायनासोर तिथून चालत जायचे आणि त्यांच्या पायांखाली ज्वालामुखीच्या राखेची ओली जमीन घुसळली जायची. मोठ्यांना त्याचं काहीच नाही. पण मागून येणारा छोटा त्या रबडीत अडकला की संपलं.

त्या छोट्यांचं वाईट ते शास्त्रज्ञांचं चांगलं, असं म्हणायला जीव होत नाही, पण झालं तसंच. कारण एकाच जातीचे बाळापासून मोठ्यापर्यंत सगळ्या वयाचे नमुने हाती लागले, एकूण १९. ते वयाप्रमाणे ओळीने मांडले तेव्हा दिसलं की बाळांना दात आहेत, मोठ्यांना एकही नाही, नुसती चोच. तुमचे दुधाचे दात पडतात आणि नवे येतात. लिम्युसॉरसचे पडायचे ते पडायचेच. मोठ्यांच्या पोटात दळण्याचे खडेही मिळाले, म्हणजे दातांबरोबर आहारही बदलत असणार. समजा, एकच बाळ आणि एकच मोठा एवढेच सापडले असते, तर त्यांना दोन वेगळ्या जाती समजून दोन वेगळी नावं दिली गेली असती.

यी ची या डायनासोरचं नाव मला फार आवडतं. चिनी भाषेत यी म्हणजे पंख आणि ची म्हणजे विचित्र. विचित्र पंख! देवनागरीत दोन अक्षरांत काम झालं. २००७ च्या सुमारास चीनच्या हेबेई प्रांतात एका शेतकऱ्याला त्याचा जीवाश्म मिळाला, आणि २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञ श्यू शिंग आणि सहकाऱ्यांनी त्याची ओळख जगाला करून दिली. वजन असेल जेमतेम ३८० ग्रॅम, म्हणजे कबुतराहून थोडं जास्त. अंगावर पिसं होती. पण मनगटातून एक लांब, सळईसारखं हाड बाहेर आलेलं होतं, आणि अशा सळया तोवर कुठल्याच डायनासोरमध्ये दिसल्या नव्हत्या. शास्त्रज्ञ बराच काळ त्या हाडाकडे बघत बसले. उत्तर डायनासोरांमध्ये नव्हतंच, ते होतं उडत्या खारीत. झाडावरून झाडावर तरंगत जाणाऱ्या उडत्या खारीच्या मनगटाजवळ अशीच एक कूर्चेची, म्हणजे लवचिक मऊ हाडाची, काडी असते आणि तिच्या आधाराने कातडीचा पडदा ताणला जातो. यी चीच्या हाडांजवळच्या दगडावर अशा पडद्याचे तुकडेही उमटलेले दिसले. म्हणजे पिसं असलेला डायनासोर, पण पंख वटवाघळासारखे! २०१९ मध्ये त्याच धाटणीचा दुसरा डायनासोर जाहीर झाला, त्यामुळे हा एखादा चुकार नमुना नाही हे नक्की झालं. उडायला मात्र हे दोघे तसे यथातथाच असावेत. फांदीवरून फांदीवर तरंगायचं, बस.

आतापर्यंत सगळी गाडी हाडांवर चालली. पण कधी कधी दगडाला आणखी काही सांगायचं असतं.

२०११ च्या मार्च महिन्यात कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, तेलमिश्रित वाळूच्या खाणीत, एक उत्खनन यंत्र चालवणारा माणूस काम करत होता. यंत्राच्या दातांखाली काहीतरी वेगळ्याच रंगाचं, ठिपक्याठिपक्यांचं आलं. त्याने यंत्र थांबवलं आणि माणसं बोलावली. खरं तर या जागी डायनासोर असायलाच नको होता, कारण ११ कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. शव बहुधा नदीच्या पुरात वाहत समुद्रात गेलं, फुगून तरंगत राहिलं आणि मग पाठीवर आपटत तळाशी जाऊन बसलं. तिथल्या चिखलाने ते इतकं झटपट झाकलं की कुजायला सवडच मिळाली नाही.

जीवाश्माचा दगड उचलताना स्वतःच्याच वजनाने तुटला. मग ते तुकडे रॉयल टायरेल संग्रहालयात नेले आणि मार्क मिचेल नावाचे तंत्रज्ञ ते मोकळे करायला बसले. बारीक हत्याराने दगडाचा एकेक कण काढायचा, हाडाला आणि कातडीला धक्का न लावता. पाच वर्षांहून जास्त काळ, ७,००० तासांच्या वर! दिवसाला आठ तास धरले तरी ते जवळजवळ ९०० दिवसांचं काम. २०१७ मध्ये त्या डायनासोरला नाव मिळालं बोरियलोपेल्टा मार्कमिचेली. पहिल्या भागाचा अर्थ ‘उत्तरेची ढाल’. दुसऱ्या भागात मिचेल यांचं नाव आहे, आणि ते त्यांनी कमावलेलं आहे.

बोरियलोपेल्टा बघितला की सांगाडा बघतोय असं वाटतच नाही. झोपलेलं जनावर दगडाचं झालंय असं वाटतं. पाठीवर ओळीने चिलखताची चकत्या-चकत्यांची कातडी, खांद्यांवर दोन मोठे काटे, आणि चकत्यांवर नखाच्या पदार्थाचं आवरण अजून शाबूत. लांबी साडेपाच मीटर, वजन साधारण १,३०० किलो.

त्या कातडीत रंगाची रासायनिक खूणही टिकली होती. हा डायनासोर लालसर तपकिरी होता, पाठ गडद आणि पोटाकडे फिकट. हरणाचा रंगही असाच असतो, आणि त्यामागे युक्ती आहे. ऊन वरून पडतं, त्यामुळे पाठ उजळते आणि पोटाखाली सावली पडते. या उजेड-सावलीवरूनच लांबून प्राण्याचा आकार ओळखू येतो. पाठ गडद आणि पोट फिकट असेल तर उजेड-सावली एकमेकांना खाऊन टाकतात आणि प्राणी सपाट होऊन झाडोऱ्यात विरघळल्यासारखा दिसतो.

आता विचार करा. मोठ्या हत्तीला किंवा गेंड्याला असा दुरंगी रंग नसतो, कारण त्यांची शिकार करायची सहसा कुणाची छाती होत नाही. मग १,३०० किलो वजन, अंगभर चिलखत आणि खांद्यावर काटे असूनही बोरियलोपेल्टाला लपावं का लागायचं? कारण त्या काळचे शिकारी आजच्या वाघ-सिंहांपेक्षा कितीतरी मोठे होते. ते शिकारी त्या दगडात नाहीत. पण त्यांची भीती मात्र कातडीच्या रंगात उतरलेली आहे.

त्याचं शेवटचं जेवणही सापडलं. पोटात फुटबॉलएवढा गोळा होता, आणि त्यात बहुतेक फर्न, म्हणजे नेच्याची पानं. इतर पाला जवळपास होता, पण साहेबांनी निवडून नेचेच खाल्ले होते. त्यात कोळशाचे कणही होते. आदल्या काही महिन्यांत वणवा लागून गेलेल्या जमिनीवर नेचे कोवळे कोवळे उगवतात, तिथेच तो चरत असावा. पोटातल्या वनस्पतींच्या वाढीवरून ऋतूही कळला: वसंत संपता संपता ते उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत कधीतरी तो मेला. ११ कोटी वर्षांपूर्वीच्या एका जनावराचा शेवटचा ऋतू आपल्याला ठाऊक आहे, हे मला अजूनही थोडं अविश्वसनीय वाटतं.

शेवटची गोष्ट एका मुलाची. २००४ साली दिएगो सुआरेझ सात वर्षांचा होता. त्याचे आईवडील भूगर्भशास्त्रज्ञ. ते चिली देशाच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत खडकांचा अभ्यास करत होते आणि दिएगो बहिणीबरोबर छान छान दगड गोळा करत हिंडत होता. एक दगड त्याला वेगळा वाटला. तो दगड नव्हता, हाड होतं.

पुढे तिथे खोदकाम झालं आणि डझनाहून जास्त प्राण्यांची हाडं निघाली. ती हाडं एकमेकांशी इतकी विसंगत होती की शास्त्रज्ञांना सुरुवातीला वाटलं, इथे बऱ्याच वेगवेगळ्या जाती पुरल्या गेल्यात. हात टी-रेक्ससारखे दोन बोटांचे. दात पानाच्या आकाराचे, म्हणजे शाकाहारी. कंबरेचं हाड आणखी तिसऱ्याच गटासारखं. मग पुरे सांगाडे मिळाले आणि सगळा प्रकार एकाच प्राण्याचा निघाला. साधारण पावणेपंधरा कोटी वर्षांपूर्वीचा, तीनेक मीटर लांब. २०१५ मध्ये त्याचं बारसं झालं: चिलेसॉरस दिएगोसुआरेझी.

तो थेरोपॉड गटातला, असं नाव ठेवणाऱ्यांनी सांगितलं. २०१७ मध्ये इतर दोन शास्त्रज्ञ म्हणाले, मुळीच नाही, तो दुसऱ्याच मोठ्या गटातला आहे, शिंगवाले आणि चिलखतवाले डायनासोर ज्यात येतात त्या. वाद अजून मिटलेला नाही, आणि दोन्ही बाजू पुरावा म्हणून दाखवतात ती हाडं तीच आहेत.